साडेबाविसाव्या हिश्शाची आगगाडी

आगगाडीच्या दोन रुळांमध्ये अंतर किती ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता इंजिनियर मंडळींनी आपापसात मिटवावा असा आहे. प्रवाशाला त्याचे काय? त्याला खिडकीजवळची जागा मिळाली आणि डबा फोडण्यापुरती मांडी घालता आली म्हणजे झाले. परंतु सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास चाळून पाहावा. या अंतराने इथल्या पेठा वसवल्या, कारखाने उभे केले, हमालांना काम दिले आणि पुढे एके दिवशी ते काढूनही घेतले. हा इतिहास मी आधी पुस्तकांतून वाचला होता. पण तो हाताला कळला तो वेगळ्याच वाटेने. नोकरीतून मोकळा झाल्यापासून मी सांगलीत राहत्या घराच्या मागच्या पडवीत बसून मोठ्या मापाच्या, म्हणजे वीतभर उंचीच्या, खेळण्यातल्या आगगाड्या आणि त्यांचे रूळ दुरुस्त करीत असतो. या उद्योगाला घरात अद्याप सर्वांची मान्यता मिळालेली नाही. तथापि त्याने मला जे शिकवले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

आधी खऱ्या रुळांची गोष्ट. मुंबईहून १८५३ साली ठाण्यास निघालेली आगगाडी १८५८ मध्ये पुण्यास पोहोचली ती साडेपाच फुटी रुंद रुळांवरून. असा रूळमार्ग भक्कम खरा, पण खर्चाचा. तेव्हा लॉर्ड मेयोच्या सरकारने १८७० मध्ये ठरवले, की यापुढे दुय्यम मार्गांना अरुंद रूळ घालावेत. प्रथम माप निघाले तीन फूट तीन इंच. त्याच सुमारास हिंदुस्थानात मेट्रिक मापे आणण्याचा सरकारचा विचार चालला होता, म्हणून हे माप किंचित वाढवून नेमका एक मीटर करण्यात आले. मौज अशी, की मेट्रिक मापे तेव्हा आलीच नाहीत. बाजारात शेर, मण आणि गज चालूच राहिले. दशमान मापांचा कायदा झाला तो १९५६ मध्ये. म्हणजे जवळजवळ पाऊणशे वर्षे आमच्याकडचा शेतकरी गूळ मणाने मोजून मीटरच्या रुळावर चढवीत होता!

पुढे १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. धान्य एका मुलखात होते आणि माणसे दुसऱ्या मुलखात मरत होती. दुष्काळी प्रदेशात स्वस्तात आणि लवकर रूळ घातले पाहिजेत, ही गोष्ट त्या मढ्यांनी सरकारच्या गळी उतरवली. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. तिचा मीटरगेज मार्ग पुण्याहून नीरा, लोणंद, वाठार, सातारा रोड, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, भिलवडी करीत मिरजेस आणि तिथून बेळगाव-लोंढ्याकडे गेला. १८९० च्या सुमारास तो सलग झाला. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरचा फाटा सुरू झाला आणि १९०७ मध्ये सांगली संस्थानाने मिरज ते सांगली असा सुमारे पाच मैलांचा स्वतःचा फाटा जोडून घेतला.

या मार्गाने नुसती माणसे वाहिली नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर कारखाना काढला, तो कुंडल रोड स्टेशनाशेजारी. कोळसा आणि कच्चे लोखंड यायला व नांगर जायला रूळ जवळ हवे होते. पुढे स्टेशनाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. ओगले बंधूंचा १९१६ चा काचेचा कारखाना कराडच्या स्टेशनाजवळ, आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत गेला. धनजीशा कूपर यांचा कारखाना सातारा रोडला. एका बारीक रुळावर तीन कारखाने मण्यांसारखे ओवले गेले. आज सांगली-मिरजेच्या कोणत्याही गल्लीत लेथवर हात चांगला चालणारा माणूस सापडतो, त्याच्या विद्येचे मूळ शोधू गेल्यास पुष्कळ वेळा या तिहींपैकी एखाद्या ठिकाणी पोहोचते.

आणि १९७१ मध्ये हा मीटरगेज गेला. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. सांगलीचा जुना फाटा मोडला आणि गावाचे स्टेशन विश्रामबागेच्या बाजूला मुख्य मार्गावर आले. जुन्या जागेला लोक अजून स्टेशन चौक म्हणतात. परगावचा पाहुणा तिथे रिक्षातून उतरतो आणि स्टेशन शोधीत राहतो.

आता खेळण्याकडे वळतो. खेळण्यातल्या आगगाड्या पूर्वी ज्याला जशी सुचेल त्या मापाची होत असे. एका कारखान्याचे इंजिन दुसऱ्याच्या रुळावर बसत नसे. जर्मनीतील म्यर्कलिन या कारखान्याने १८९१ मध्ये लायप्झिगच्या जत्रेत ठराविक मापांचे रूळ मांडले आणि या गोंधळाला आळा घातला. त्यांतल्या ‘एक नंबर’ मापात दोन रुळांमधले अंतर सुमारे ४५ मिलिमीटर असते. युरोपातील मोठ्या मार्गांचे खरे अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला बत्तिसाने भागा, पंचेचाळीस येतात. म्हणून या रुळावरच्या गाड्या खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाच्या करीत.

हा हिशेब १९६८ पर्यंत बिनतक्रार चालला. त्या वर्षी न्यूरेंबर्गच्या लेहमान कारखान्याने बागेत, उन्हापावसात चालणारी मोठी गाडी बाजारात आणली. रूळ तेच, पंचेचाळीस मिलिमीटरचे. पण गाड्या मुख्य मार्गांच्या नव्हत्या. डोंगरातल्या अरुंद मार्गांच्या होत्या, म्हणजे मीटरगेजच्या! एक मीटर म्हणजे हजार मिलिमीटर. त्याला साडेबाविसाने भागा. उत्तर ४४.४, म्हणजे पंचेचाळीसच म्हणा. त्या कारखान्याने स्वित्झर्लंड-जर्मनीचे डोंगर डोळ्यांपुढे ठेवून हे माप पकडले, आणि नकळत आमचा पुणे-मिरज मार्ग साडेबाविसाव्या हिश्शाने लहान करून जगभरच्या बागांतून अंथरला. १९६८ मध्ये तो बागेत आला आणि १९७१ मध्ये आमच्या शिवारातून उठला. हा हिशेब मी पहिल्यांदा वहीच्या पाठीमागच्या पानावर मांडला तेव्हा पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो.

तेव्हापासून अशी गाडी माझ्याकडे दुरुस्तीला आली, की मी ती खेळणे म्हणून उघडत नाही. मीटरगेजच्या वायपी जातीच्या इंजिनाचे मोठे चाक साडेचार फुटी, म्हणजे १३७२ मिलिमीटरचे. साडेबाविसाव्या हिश्शाने ते ६१ मिलिमीटरचे होते. म्हणजे चहाच्या बशीहून लहान. हे चाक हातात धरून पाहिले म्हणजे खरे चाक किती उंच होते, याची कल्पना कोणत्याही छायाचित्रापेक्षा चांगली येते. त्याच हिशेबाने मीटरगेजवर सर्रास वापरला जाणारा ६० पौंडी रूळ साडेचार इंच उंच, तो खेळण्यात पाच मिलिमीटरचा हवा. बाजारात मिळणारा बागेतला रूळ आठ मिलिमीटरहून उंच असतो, कारण त्यावर मुलांचे पाय पडायचे असतात. खरी गंमत वळणात आहे. खेळण्याबरोबर मिळणाऱ्या रुळाचे बारा तुकडे जोडले की सहाशे मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ पुरे होते. मीटरगेजवर अधिकात अधिक तीव्र वळण सोळा अंशांचे चालत असे, म्हणजे १०९ मीटर त्रिज्येचे. ते साडेबाविसाव्या हिश्शाने केले तरी पावणेपाच मीटरहून मोठे. तसे खरे वर्तुळ घालायचे म्हटले तर माझे परसू, तुळशीवृंदावन आणि शेजाऱ्यांचा गोठा एवढी जागा एकत्र करावी लागेल. स्वस्त रेल्वे म्हणून जिची हेटाळणी झाली ती मीटरगेजसुद्धा जमिनीकडे किती मागत होती, हे मला त्या दिवशी समजले.

रूळ उघड्यावर घातला की निसर्ग आपला गुरू होतो. पितळेचा दहा मीटर लांबीचा सरळ रूळ घेतला तर जानेवारीतली पहाट आणि एप्रिलमधली दुपार यांच्यामध्ये त्याच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने तो साडेसात मिलिमीटर वाढतो. सांध्यात तेवढी फट ठेवली नसेल, तर रूळ नागासारखा वेटोळे घेऊन उठतो. खऱ्या मार्गावर दर सांध्याला फट ठेवीत, आणि तिच्यावरून चाक जाताना जो ठेका वाजे त्यावर आमच्या दोन पिढ्या झोपी गेल्या, तो याचसाठी.

माझ्या परसातला मार्ग पाहायला मिरजेचे एक वृद्ध गृहस्थ एकदा आले होते. तरुणपणी मीटरगेजवर गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. इंजिनाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. गुडघ्यावर हात देऊन ते खाली वाकले, आणि हातातल्या काठीने एकेक सांधा ठोकीत पुढे सरकले. एका ठिकाणी थांबून म्हणाले, “मास्तर, हितं पोकळ हाय. गाडी आली की स्लीपर नाचतोय बघा तुमचा.”

मी म्हटले, “अण्णा, एवढ्याशा गाडीला काय होतंय?”

“गाडी केवढी का असंना,” ते म्हणाले, “खडी म्हंजे खडीच. बारीक चाळून घ्या, मातकट ठेवू नका. माती ऱ्हायली की पाणी ऱ्हातंय, आणि पाणी ऱ्हायलं की लाईन बसती.”

मग त्यांनी स्वतःच चिमटीने खडी भरून स्लीपरखाली काडीने ठासून दिली. त्यानंतर त्या जागी इंजिन पुन्हा कधी डुलले नाही. रूळमार्ग एकदा घालून होत नाही, तो रोज घालावा लागतो, ही गोष्ट पुस्तकांत एका ओळीत असते. त्या म्हाताऱ्याच्या बोटांत ती चाळीस वर्षांची होती.

या संदर्भात मिरजेला येऊन मिळणाऱ्या दुसऱ्या एका मार्गाची आठवण केलीच पाहिजे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनियर १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीस आला. त्याच्या डोक्याने घेतले, की अडीच फुटी रुळांवरही भरपूर माल वाहता येतो. फक्त इंजिन असो की वाघीण, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही. म्हणजे वारभर लांबीला तीस पौंड वजनाचा हलका रूळही पुरेल. हे म्हणणे लोकांना पटावे म्हणून त्याने बार्शी लाइट रेल्वेची इंजिने आणि डबे हिंदुस्थानात धाडण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता रूळमार्ग घातला. त्यात मुद्दाम अवघड वळणे आणि चढ ठेवले आणि त्यावर गाडी चालवून दाखवली. मोठ्या माणसाने मोठ्या पैशाने मांडलेला हा खेळच नव्हे तर काय? पण त्या खेळातूनच १८९७ मध्ये बार्शीची गाडी सुरू झाली. पुढे ती एका बाजूने लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने पंढरपुरापर्यंत वाढली, आणि १९२७ मध्ये सांगोले, ढालगाव, कवठे महांकाळ या कोरड्या मुलखातून मिरजेस येऊन पोहोचली. आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांची ही लाडकी गाडी. कॅलथ्रॉप तोवर आगगाड्या सोडून विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी हवाई छत्र्या करू लागला होता. मिरजेस रूळ पोहोचले त्याच वर्षी तो वारला.

अशा रीतीने मिरज हे तऱ्हेवाईक जंक्शन बनले. १९७१ नंतर बरीच वर्षे तिथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि अडीच फुटी नॅरोगेज असे तिन्ही रूळ एका गावात नांदत होते. लोंढ्याकडचा मीटरगेज नव्वदीच्या दशकात गेला. पंढरपूरची छोटी गाडी २०१० च्या आसपास ब्रॉडगेज झाली. खेळण्यातही हा घोळ आहेच. लेहमान कारखान्याचे सर्वांत प्रसिद्ध छोटे इंजिन ऑस्ट्रियातील श्टाइन्झ येथील खऱ्या इंजिनावरून केलेले. ते खरे इंजिन ७६० मिलिमीटरच्या रुळावरचे, म्हणजे बार्शी गाडीच्या मापाचे. त्याला मीटरगेजच्या हिशेबाच्या रुळावर उभे केले आहे. शुद्धतेचे पाईक यावर नाक मुरडतात. मिरजेत वाढलेल्या माणसाला मात्र त्यात काही वावगे वाटत नाही.

खेळ आणि खरे यांच्यामधली भिंत किती पातळ असते, याचा आणखी एक दाखला सातारा जिल्ह्याच्या मातीतला आहे. ग्वाल्हेरचे शिंदे मूळचे कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे. त्यांच्यातले माधवराव महाराज, ज्यांचा काळ १८७६ ते १९२५, यांना यंत्रांचे विलक्षण वेड. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात लांबलचक मेजावर रूळ घातलेले आहेत, आणि त्यावरून चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया आणि चिरूट घेऊन फिरत असे. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे. या गाडीची गोष्ट सांगून लोक हसतात आणि राजेलोकांच्या चैनीवर दोन शब्द बोलून मोकळे होतात. पण याच महाराजांनी दोन फुटी रुळांची खरी रेल्वे आपल्या संस्थानात घातली. तिचा एक फाटा १९०९ मध्ये श्योपुरपर्यंत पोहोचला. सुमारे दोनशे किलोमीटरच्या त्या अरुंद मार्गावरून गोरगरीब माणसे टपावर बसूनसुद्धा प्रवास करीत, आणि ती गाडी २०२० पर्यंत धावत होती. मेजावरची गाडी पाहुण्यांपुरती राहिली. रानातली गाडी शंभर वर्षांहून अधिक काळ लोकांची झाली. दोन्हींच्या मागे कुतूहल एकच होते.

इतके वाचून कोणी म्हणेल, की हा गृहस्थ मीटरगेजसाठी गळा काढायला बसला आहे. तसे नाही. सांगलीची हळद आणि कोल्हापूरचा गूळ मुंबईस निघाला, की पुण्यात मीटरगेजच्या वाघिणीतून उतरून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढत असे. प्रत्येक पोते दोनदा पाठीवर घ्यायचे. त्यात वेळ जाई, माल सांडे, पोती फाटत आणि त्याची किंमत शेवटी शेतकऱ्याच्याच खिशातून जाई. ज्याने ते पोते वाहिले त्याच्या पाठीलाही विचारून पाहावे. तेव्हा १९७१ चा बदल हिताचा होता यात मला शंका नाही. हमालांच्या काही घरांची चूल त्याने मंदावली असेल, हेही तितकेच खरे. इतिहासात असे हिशेब क्वचितच पुरे जुळतात.

माझा प्रश्न निराळा आहे. जे माप गेले, ते पुढच्या माणसाने समजून घ्यायचे कसे? कागदावर ‘एक मीटर’ एवढेच उरते. इंजिन चौकात चौथऱ्यावर उभे केले, रंग फासला, भोवती कुंपण घातले, तरी ते चालत कसे होते हे ते सांगत नाही. आणि नेमके याच प्रश्नाचे उत्तर मला एका आजींनी दिले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा कशी चढली ते सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. पाणी ओसरल्यावर घरोघर गाळ उपसण्याचे काम चालले असताना गावभागातल्या एका घरातून एक पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. पेटीत मोठ्या मापाचे एक इंजिन, दोन डबे आणि पितळी रुळाचे काही तुकडे, सगळे गाळाने लिंपलेले. घरातले आजोबा मीटरगेजवर गार्ड होते. परदेशी गेलेल्या मुलाने त्यांच्यासाठी ही गाडी पाठवली होती. आजोबा जाऊन बरीच वर्षे झालेली. मुलगा म्हणाला, “काका, आता ही चालायची नाही. नुसती स्वच्छ करून द्या, काचेच्या कपाटात ठेवू.”

आजी त्याच्याबरोबर आल्या होत्या. त्या पदर सावरून म्हणाल्या, “काचेत नको हो. ह्यांची गाडी कधी काचेत नव्हती. चालती करा, मास्तर. उशीर लागू दे.”

उशीर पुष्कळ लागला. पुराचा गाळ अत्यंत बारीक असतो. तो दातेरी चाकांच्या ग्रीसमध्ये मिसळला की त्याचा पॉलिश करण्याचा मसाला बनतो आणि प्रत्येक फेऱ्यागणिक दाते खात सुटतो. म्हणून असे यंत्र ‘चालते का पाहू’ म्हणून वीज लावण्याचा मोह आवरायचा असतो. मी स्क्रू काढून एकेक भाग पाटावर मांडला, आणि कोणता कुठून निघाला त्याचे चित्र वहीत काढले. प्लॅस्टिकचे भाग साबणाच्या कोमट पाण्यात, धातूचे रॉकेलमध्ये, असे तीन-तीनदा धुतले. मोटारीचा कॉम्युटेटर काळा पडला होता. त्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा टोकदार काडीने कोरून स्वच्छ केल्या आणि कार्बनचे ब्रश नवे घासून बसवले. मागच्या आसावरचे नायलॉनचे दातेरी चाक मात्र पार गेले होते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला एक लेथवाला माझ्या ओळखीचा. त्याने जुन्या चाकाचे दाते मोजले, माप घेतले आणि पितळेत तसेच चाक कापून दिले. पैसे विचारले तर म्हणाला, “आमचा बाप किर्लोस्करवाडीला होता. ह्याचं काय घ्यायचं?”

रुळांची आणखी एक तऱ्हा. या गाड्यांना वीज रुळांतूनच मिळते. पितळेवर काळपट पुट चढले, किंवा दोन रुळांना जोडणारी पट्टी आतून गंजली, की वीज अडते आणि गाडी लांबच्या टोकाला मरगळते. लोक दोष इंजिनाला देतात. दोष बहुधा सांध्याचा असतो. मी प्रत्येक जोडपट्टी काढून घासली आणि दोन रुळांना बाहेरून तांब्याची बारीक तार डाखली. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर तपासले. ते अर्ध्या मिलिमीटरने चुकले तरी गाडी सांधे बदलताना घसरते.

कार्तिक महिन्यात एके संध्याकाळी त्यांच्या अंगणात रूळ मांडले. इंजिन आधी जागच्या जागी गुरगुरले, मग हळूच निघाले. आजी पायरीवर बसल्या होत्या. त्या गाडीकडे पाहत नव्हत्या, डोळे मिटून ऐकत होत्या. तीन फेऱ्या झाल्यावर म्हणाल्या, “सांध्यावर वाजते की हो तशीच.” नातवाला त्यांनी जवळ बोलावले आणि गाडीला हिरवा बावटा कधी दाखवायचा, लाल कधी, रात्री कंदील कसा धरायचा, हे सारे आजोबांनी त्यांना सांगितलेले होते ते सांगायला सुरुवात केली. काचेच्या कपाटापुढे उभे राहून त्यांना हे आठवले असते असे मला वाटत नाही.

हेच काम मोठ्या प्रमाणावर करणारे लोक महाराष्ट्रात झाले आहेत. पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून लहान आगगाड्यांचे जे नगर उभे केले, ते १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये कायमचे संग्रहालय म्हणून खुले झाले. तिथले सिग्नल, फाटे आणि गाड्या चालतात, म्हणून तिथे मुले खिळून उभी राहतात. चालते ठेवणे याचा अर्थ रोज कोणीतरी पाठीमागे बसून घासणे, पुसणे, तेल देणे. पाहुण्यांना तो माणूस दिसत नाही. खऱ्या रुळांवरही मुकादम आणि त्याची गँग कुणाला दिसत नसे.

दिवाळीत आमच्याकडे मुले अंगणात मातीचे किल्ले करतात. त्यांना प्रतापगड आणि अजिंक्यतारा ठाऊक असतात, कारण ते त्यांनी हाताने केलेले असतात. बुरूज ढासळला की पुन्हा लिंपायचा, हेही त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी एखादा रूळ टाकून पाहावा. माळ्यावर जुनी, बंद पडलेली गाडी असेल तर ती भंगारात घालण्यापूर्वी मुलांच्या देखत उघडावी. स्क्रू एका वाटीत ठेवावेत, भागांचे चित्र काढावे, चाके पुसावीत, शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब आसावर सोडावा. पहिल्या दिवशी ती चालणार नाही. दुसऱ्या दिवशी बहुधा सांध्यात दोष सापडेल. आणि गाडी हलली, की मग मुलांना फूटपट्टी देऊन दोन रुळांमधले अंतर मोजायला सांगावे. पंचेचाळीस मिलिमीटर भरले तर त्याला साडेबाविसाने गुणायला सांगावे. जे उत्तर येईल तेवढ्या रुंदीच्या रुळावरून त्यांचे पणजोबा वाठारच्या चढावर कोळशाची कणी डोळ्यांत घेऊन पुण्याला गेले होते, एवढे सांगितले की इतिहासाचा पहिला धडा पुरा झाला.